तांदळाच्या डब्यातल्या गोळ्या

राजगोपाल राव आता परक्यांच्या देखत मराठीत खासगी काही बोलत नाहीत. कुंभकोणमच्या आम्हा मराठी लोकांत हे नवल आहे. घराबाहेर पडलो की आम्ही तमिळ बोलतो. पण बसमध्ये, दवाखान्यात, पाहुण्यांसमोर काही लपवून बोलायचं झालं की मराठीत शिरतो, खोलीचं दार लोटून घ्यावं तसं. राजगोपाल आणि त्यांचे मेहुणे यांचं पितळी दिव्यांचं दुकान आहे. तिथे तर हे रोजचंच होतं. गिऱ्हाईक समोर उभं असताना राजगोपाल हसतमुखाने म्हणायचे, "हे घेणार नाहीत. नुसते हात लावून दिवे काळे करतायत." गिऱ्हाईकही हसायचं.

त्यांची मुलगी श्रीविद्या माझ्या वर्गात होती. आठवीत असताना तिला फळ्यासमोर आकडी आली. तिचं डोकं मांडीवर घेऊन मी खाली बसले होते. दुसऱ्या दिवशी तिची आई विजयलक्ष्मी शाळेत आली आणि हात जोडून म्हणाली, "टीचर, उन्हाने चक्कर आली म्हणा." मी तसं म्हटलं. मुलगी गोळ्या घेऊ लागली, शिकली, बँकेत लागली. आकडी हळूहळू दुर्मीळ झाली. घरात तो विषय कोणी काढत नसे.

सात वर्षांपूर्वी तंजावरच्या एका मराठी घरातून तिला मागणी आली. मुलाचं नाव उमेश. बोलणी पक्की करायला राजगोपाल आणि विजयलक्ष्मी सकाळच्या पॅसेंजरने निघाले. समोरच्या बाकावर पन्नाशीची एक बाई होती. केसात कनकांबराचा गजरा, मांडीवर पिशवी, पिशवीतून डोकावणारं केळफूल. चहावाल्याशी ती तमिळमध्ये बोलली, म्हणून दोघांनी तिचा विचारच केला नाही. स्वामिमलैला गाडी क्रॉसिंगसाठी थांबली आणि घरी अर्धवट राहिलेलं भांडण सुरू झालं.

"सांगून टाकावं असं वाटतं मला," राजगोपाल म्हणाले.

"तुम्ही गप्प बसायचं. तीन वर्षांत एकदा तरी आली का?"

"आली नाही. पण गोळी रोज घेते ना ती."

"गोळी काय, मी पण रक्तदाबाची घेते. लग्नानंतर हळूच कळलं तर कळलं. हरिश्चंद्राचा अवतार घ्यायला आजचाच दिवस सापडला तुम्हाला?"

"तिच्या सासूला दिसली गोळी तर?"

"व्हिटॅमिन म्हणायचं. शिकवते मी तिला."

गाडी हलली. सुंदरपेरुमाळ कोयिल आलं तशी समोरची बाई उठली. पिशवी काखेला लावून तिने जुन्या वळणाच्या, आमच्याच मराठीत म्हटलं, "तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगा."

राजगोपाल मला सांगत होते, "टीचर, अंगावरचा सदरा कोणी ओढून काढावा, तसं झालं."

"मी तिथेच ठेवत असे," बाई म्हणाली. "सव्वीस वर्षं. डबा मीच उघडायची म्हणून."

विजयलक्ष्मी पदर सावरत खिडकीकडे वळली. राजगोपालनीच विचारलं, "सासरी कळलं नाही?"

"कळलं. विहिरीपाशी पडले तेव्हा."

"मग?"

"मग काय? कोणी हाकललं नाही, बोललं नाही. आमच्यांनी एवढंच विचारलं, सव्वीस वर्षं मी तुझा कोण होतो?" गाडी थांबली. दारातून उतरता उतरता ती वळली. "पोरीला विचारलंत का, काय करावं ते?"

उत्तर ऐकायला ती थांबली नाही.

तंजावरला कॉफी समोर येताच राजगोपालनी सगळं सांगितलं. उमेशच्या वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं, दारापर्यंत पोचवायलाही आले. चार दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. विजयलक्ष्मी महिनाभर नवऱ्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची.

श्रीविद्या मात्र बोलली. गाडीतली सगळी हकिगत तिने वडिलांकडून दोनदा ऐकून घेतली. त्यांना वाटलं, मुलगी आता 'बरं केलंत' म्हणेल.

"अप्पा, त्या बाईंनी शेवटी काय विचारलं?"

"पोरीला विचारलंत का."

"मग? विचारलंत?"

राजगोपालांनी नकारार्थी मान हलवली.

"लपवायचं अम्माने ठरवलं. सांगायचं तुम्ही ठरवलंत. आजार माझा आहे ना, अप्पा?"

हे सांगताना राजगोपालांचा आवाज उतरला होता. म्हणाले, "मी मोठं सत्य बोलून आलो, अशा तोऱ्यात होतो टीचर. त्या बाईचं अर्धंच ऐकलं मी."

त्यानंतर दुकानातला त्यांचा मराठी शेरा बंद झाला. मेहुणे चेष्टा करत, "काय, मौन धरलंय?" राजगोपाल म्हणत, "गिऱ्हाइकाला तमिळमध्ये सांगता येत नाही, ते बोलायचंच कशाला?" हळूहळू विजयलक्ष्मीशी बोलणं सुरू झालं; पण मुलीविषयी काही ठरवायचं झालं की ते आता तिला हाक मारून समोर बसवत.

पुढची स्थळं आली तेव्हा श्रीविद्या स्वतःच बोलली. दोन घरं गेली. तिसरं घर आडुतुरैचं. मुलगा रविशंकर, तिथल्या भात संशोधन केंद्रात नोकरीला. तिने सांगितल्यावर त्याच्या आईने हातातली बशी खाली ठेवली. मग म्हणाली, "गोळी जेवणाआधी असते की नंतर?" तेव्हा श्रीविद्या एकतीस वर्षांची होती.

गेल्या महिन्यात मी राजगोपाल आणि विजयलक्ष्मीबरोबर आडुतुरैला गेले होते. लग्नानंतर श्रीविद्याला एकदा आकडी आली, सासूने निभावून नेलं. स्वयंपाकघराच्या फळीवर कॉफीच्या फिल्टरशेजारी गोळ्यांची पट्टी उघडी पडलेली होती. आम्ही बसलो असताना शेजारची बाई कढीपत्ता मागायला आत आली. विजयलक्ष्मी झटकन उठली आणि बोलता बोलता पट्टीवर हात ठेवून उभी राहिली. इतक्या वर्षांची सवय.

राजगोपालांनी पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं.

"अम्मा," श्रीविद्या तमिळमध्ये म्हणाली, शेजारणीला कळेल अशा बेताने, "ती दे इकडे. माझी सकाळची राहिलीय."

विजयलक्ष्मीने हात उचलला. एक गोळी काढून तिने मुलीच्या तळव्यावर ठेवली, आणि पाण्याचा लोटा भरून आणायला वळली.