पांढऱ्या दोऱ्याची शिवण

दुबईच्या एका दुकानदाराने आमच्या शेतातल्या हळकुंडांची वीस पोती मागवली, तेव्हा नागपूरचा एक फॉरवर्डर गाठावा लागला. जहाजात जागा धरायची, कस्टमचे कागद पुढे सरकवायचे, हे त्याचं काम. माणूस मला पहिल्याच भेटीत पटला नाही. माल नेणार तो आणि प्रत्येक कागदावर सही मात्र माझी. पोत्यात काय आहे, वजन किती, सगळं मीच लिहून द्यायचं.

"मग तुम्ही काय करता?" मी विचारलं.

"मी पोचवून देतो, ताई. आत काय भरलं, ते तुम्हालेच माहीत. जबाबदारी तुमचीच."

हे मला घरी येईपर्यंत टोचत राहिलं. नवरा गिरडला शाळामास्तर, पण संशय घेण्यात माझ्याही पुढे. "त्याच्यावर नजर ठेवजो," तो म्हणाला. "माल बदलून टाकीन तो."

माल घरून त्याच्याकडे गेल्यावर तिसऱ्या दिवशी, काही न कळवता, मी सकाळच्या बसने नागपूर गाठलं आणि थेट त्याच्या गोदामात शिरले. पोती मोजली. वीस भरली. पण एका पोत्याची शिवण पांढऱ्या दोऱ्याची होती. आम्ही सगळी सुतळीने शिवली होती.

"हे पोतं काऊन उघडलं?" माझा आवाज चढला.

"मी नाई उघडलं. असंच आलं ते. वजन तुमच्या कागदापेक्षा जास्त भरून राह्यलं. कालपासून तीनदा फोन लावला तुम्हाले."

ते खरं होतं. आणखी कुठे सही मागेल म्हणून मी फोन उचलतच नव्हते.

तरी माझा विश्वास बसेना. चोरणाऱ्याच्या हातून वजन वाढेल कसं, हे मात्र कळत नव्हतं. त्याने माझ्यासमोर शिवण उसवली. हळकुंडांखाली प्लास्टिकच्या पिशवीत लाल तिखट, सांडग्यांचा डबा आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर दुबईत नोकरीला असलेल्या माझ्या पुतण्याचा नंबर. अक्षर माझ्या दिराचं.

मी तिथूनच दिराला फोन केला.

"पोराले घरचं तिखट पायजे होतं, वहिनी," तो म्हणाला. "एवढ्या पोत्यांत कोनाले दिसते?"

फॉरवर्डर ऐकत होता. "कस्टमले सापडलं असतं तर सगळाच माल अडकला असता," तो म्हणाला, "अन् जाब तुम्हाले द्यावा लागला असता."

मी तिखट, डबा बाहेर काढला. मग बाकीची एकोणीस पोतीही उसवायला लावली. त्यांत काही निघालं नाही. सगळं पुन्हा शिवून, तोलून मी सही केली. माफी मागायला हवी होती, ती मात्र ओठांवर आली नाही.

माल नीट पोचला. दुकानदाराने पुन्हा मागवला. आता पोती भरताना मी खुर्ची टाकून बसते, गाडी हलेपर्यंत उठत नाही. दीर अंगणात येतो, मला पाहतो आणि परत जातो.