आठ सेंटिमीटर

माळा आवरताना जुनी स्प्रिंग हाताला लागली. बोटांना गंजाचा वास चिकटला आणि मंगळवार पेठेतला आमचा गोठा आठवला.

अर्धांगवायूनं माझ्या वडिलांचा, आबांचा, उजवा हात लुळा पडला होता. याच हातानं ते गिऱ्हाइकांसमोर म्हशीची धार काढायचे. डॉक्टरांनी स्प्रिंग ओढायला सांगितली. मी तेव्हा बारावीत, फिजिक्समधला दीडशहाणा. स्प्रिंग किती ताणली ते रोज पट्टीनं मोजायचो आणि वहीत बळ अन् साठलेली ऊर्जा काढायचो. महिनाभर चार सेंटिमीटरच. एकदा ठरावीक वजनाला ती किती ताणते ते बघून गणित पक्कं करावं म्हणून मी तिला दुधाचा भरलेला कॅन तासभर टांगला.

दुसऱ्या दिवशी आबांनी ओढली, तर आठ सेंटिमीटर! बळ दुप्पट, ऊर्जा चौपट! मी गल्लीभर पेढे वाटले. "सोमवारी आबा धारंला बसणार!" सांगत सुटलो.

परत आलो, तर आबा मांडीवरच्या स्प्रिंगकडं बघत बसलेले. सोडली तरी ती पुरती मिटत नव्हती.

"हिला काय टांगलंतास रं?"

"दुधाचा कॅन."

"ढिली झालीया ती. हात हाय तसाच हाय." मग हळूच म्हणाले, "आईला सांगू नको. पेढा खाल्लाय तिनं."

सोमवारी गिऱ्हाइकं तांबे घेऊन दारात आली. आबा आत भिंतीकडं तोंड करून पडले होते. ते पुन्हा कधीच धारेला बसले नाहीत.

इतकी वर्षं मी हा किस्सा माझी फजिती म्हणून रंगवून सांगत आलो. आज स्प्रिंग हातात घेतल्यावर आठवलं, स्प्रिंग पट्टीवर आठला टेकली तेव्हा आबाही हसले होते.