खाऱ्या शेतातली वांगी

काल गॅलरीतल्या मिरचीच्या रोपाची कुंडी बदलताना मुळांभोवती केसाहून बारीक पांढरे धागे दिसले आणि मला आईचं शेत आठवलं.

आमचं गाव खाडीकाठचं. एका उधाणात बांध फुटला आणि खारं पाणी शेतात शिरलं. पुढे पावसाने बरंचसं मीठ धुऊन नेलं, तरी लावलेलं काही जगेना. बाबा शहरात भाड्याची खोली बघू लागले.

तेव्हा शेतकी शिकलेला मामा आईच्या माहेरच्या मातीची एक गोण घेऊन आला.

"ताई, रोप लावताना मुळाशी ही घाल. हिच्यातली बुरशी मुळांना धरून वाढते. लांबचं पाणी आणून देते, मीठ बरंचसं बाहेर अडवते."

आई म्हणाली, "लोणच्याला बुरशी आली तर मी बरणी रिकामी करते, आणि तू ती शेतात घालायला सांगतोस?"

पण तिने घातली, मूठमूठ, प्रत्येक वांग्याच्या रोपाला. बांधालगतची रोपं गेलीच. बाकीची मात्र हळूहळू तरारली. मातीखाली कुणीतरी गुपचूप आपल्यासाठी राबतंय, या विचाराने मी तेव्हा शेतातून जपून पावलं टाकायचो. माणसाचंही असंच असावं; आपण कुणाच्या आधाराने तगलो, ते बहुतेकदा वरून दिसत नाही.

पहिल्या वांग्यांची भाजी झाली, त्या दिवशी आम्ही सगळे बाबांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी सावकाश घास चावला.

"मीठ कमी पडलंय गं," ते म्हणाले.

आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. शहरातल्या खोलीचं नाव मग कुणी काढलं नाही.