वीस गुण परत घे

माझ्या साडूने मला फसवलं. माझ्या लेकीच्या कॉलेजने मैदान मारलं आणि तो आनंद त्याने माझ्या हातातून काढून घेतला, तेही माझ्याच घरी, माझ्याच बायकोने केलेले घावणे खात.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये एसीत बसून पगार घेतो. माझं रास अल खोरला गाड्यांच्या जुन्या पार्टचं दुकान आहे. रत्नागिरीहून आलो तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात इंजिनं पुसत होतो. त्याचा मुलगा अमेरिकेत एका बड्या युनिव्हर्सिटीत, माझी मुलगी तिथल्याच एका लहान कॉलेजात. चेंडू काखेत मारून पळायच्या खेळाला तिकडे फुटबॉल म्हणतात आणि त्यात लेकीचं कॉलेज कायम हरतं. बडी कॉलेजं मोसमाच्या सुरुवातीला अशा टीमला पैसे देऊन बोलावतात आणि बदडून परत पाठवतात. धंदा म्हणून मला त्यात काही गैर दिसत नाही.

यंदा बोलावणं नेमकं साडूच्या मुलाच्या युनिव्हर्सिटीचं आलं. साडूच्या घरी आमची पैज लागली: हरेल त्याने दुसऱ्याच्या कॉलेजचा शर्ट आठवडाभर कामावर घालायचा. मी म्हटलं, तुझी टीम तगडी आहे, माझ्या टीमच्या खात्यात आधीच थोडे गुण धर. तो सात म्हणाला. मी तीस मागितले आणि उठून चपला घालायला लागलो. दुसरी चप्पल पायात जायच्या आत तो वीसवर आला. खलास, सौदा पक्का. घरी येईपर्यंत मी गाडीत गात होतो.

मॅच तिकडे शनिवारी रात्री, म्हणजे इथे रविवारी सकाळी. साडू माझ्या घरी घावणे खात बघायला बसला होता. लेकीची टीम एका गुणाने जिंकली. मी सोफ्यावर चढलो. तेवढ्यात लेकीचा स्टेडियममधून व्हिडिओ कॉल आला. तिच्या शेजारी टोपीतले एक म्हातारे हमसून रडत होते. चाळीस वर्षं ही हरणारी टीम बघायला प्रत्येक मॅचला येतात म्हणे.

"अब्बा, यू न्यू, राइट? यू न्यू वी वुड विन?"

मी तोंड उघडायच्या आत साडूने मान पुढे केली. "बेटा, तुझ्या अब्बांनी वीस गुण आधीच मागून घेतले होते."

"ट्वेंटी? सो यू थॉट वी वुड लूझ." तिने फोन त्या म्हाताऱ्यांकडे वळवला आणि मग बंदच केला.

साडू शांतपणे म्हणाला, "साडूभाई, शर्ट मी घालतो. पण उड्या कशाला? तुमच्या हिशोबाने तुम्ही एकवीस गुणांनी जिंकलात. त्यात नवल ते काय?"

आता तो शर्ट घालून ऑफिसात फोटो काढतो आणि माझी लेक त्यावर लाल बदाम टाकते.

त्या म्हाताऱ्यांनी कधी एक गुण सवलत मागितली नाही, म्हणून त्यांना रडता आलं. हे मला कळतं. पण साडूला ते आधीच कळलं होतं. ऊद घेतानासुद्धा एका दिरहमसाठी तासभर अडणारा माणूस एका चपलेत सातवरून वीसवर कसा आला?

ते वीस गुण मी वापरलेले नाहीत, घेतले तसे पडून आहेत. त्याने ते परत घ्यावेत, लेकीला फोन करून सौदा रद्द झाल्याचं सांगावं, आणि इतक्या सहज का दिले, याचा जबाब येत्या रविवारी माझ्या घरी येऊन सगळ्यांसमोर द्यावा. उपाशीपोटी.