बारा महिने चातुर्मास

आयुष्यभर मी लोकांना जेवू घातलं आणि माझी स्वतःची पोर माझ्या हातचं खात नव्हती. हे आधीच सांगून टाकतो.

मी आचारी. शाळा चौथीपर्यंत. काशीत दूधविनायकाच्या गल्लीत आमच्या तीन पिढ्या गेल्या. महाराष्ट्रातून पितरांचं करायला लोक येतात, त्यांच्या श्राद्धाचा स्वयंपाक मी करायचो. वडे, खीर, आमसुलाची चटणी, कढी. माझ्या कढीसाठी पुन्हा काशीला येऊ असं म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. पितरांसाठी नाही, कढीसाठी.

आम्हाला एकच मूल, तेही उशिरा झालेलं. मुलगी. अंगापिंडाने चांगली, पण स्वतःहून बोलायची नाही. बोललीच तर कानावर पडलेलं बोलायची, तेही जसंच्या तसं. भाजीवाल्याची हाळी, रेडिओवरच्या बातम्यांचं पहिलं वाक्य. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून कोपऱ्यात बसायची. खाणं म्हणाल तर भात आणि दही, फार तर पातळ वरण. मोहल्ल्यात लोक म्हणायचे, "पगली है." माझी आई तेव्हा जिवंत होती. ती म्हणायची, "माजलीये कार्टी. दोन दिवस उपाशी ठेवा, दगडसुद्धा चावून खाईल."

मी आईचं ऐकलं. पोर साडेतीन वर्षांची असेल. मी वांग्याची भाजी केली होती, गोडा मसाला घालून, वर खोबरं. तिला मांडीत आवळलं, नाक दाबलं आणि तोंड उघडल्याबरोबर घास कोंबला. ती ओकली. मी दुसरा कोंबला. बायको दारात उभी होती. ती बघत होती. त्यानंतर आठवडाभर पोरीने दुधापाण्याशिवाय कशाला तोंड लावलं नाही. लिहायला लाज वाटते, पण केलंय ते मीच.

त्याच पावसाळ्यात बायकोला सोवळ्याचं वेड लागलं.

आता सोवळं म्हणजे माझा धंदाच. श्राद्धाचा स्वयंपाक सोवळ्यातच करावा लागतो, त्यामुळे त्यातलं काय चालतं आणि काय नाही हे मला ती काय सांगणार? पण तिचे नेम भलतेच होते. म्हणाली, ताटं नकोत, धातूचा आवाज अन्नाला वर्ज्य, सगळ्यांनी पत्तलवर, म्हणजे पत्रावळीवर, जेवायचं. जेवताना कोणी बोलायचं नाही. भात दह्याला लागला की दही खरकटं होतं, म्हणून दही पानांच्या दोन्यात, दोना भातापासून दोन बोटं लांब. साबणात चरबी असते म्हणून वासाचा साबण घरातून हद्दपार. मी कामावरून आलो की, "अहो, श्राद्धाघरून आलात, आधी गंगेवर जाऊन या, माती लावून अंघोळ करा, कपडे बदला, मग आत." आणि चातुर्मासात तिने फोडणी सोडली. लोक चातुर्मासात वांगं सोडतात, कांदा सोडतात. हिने फोडणीच सोडली, आणि घरात दुसऱ्या कोणी करायची नाही. चातुर्मास संपला, तर मार्गशीर्ष लागला म्हणाली. मग अधिक मास आला. मग कुठलातरी नवस. आमच्या घरी बारा महिने चातुर्मास असायचा.

मी चिडायचो. "कुठल्या पोथीत लिहिलंय हे?"

"माझ्या माहेरी असंच आहे."

माहेर आलं की नवऱ्याने गप्प बसायचं असतं. माझ्या आईचीही बोलती बंद झाली, कारण सुनेच्या सोवळ्यापुढे सासूला काही म्हणता येईना. पाहुणे आले आणि पोरीचा गाल ओढायला हात पुढे केला की ही आतून ओरडायची, "शिवू नका, सोवळ्यात आहे!" लोक हसायचे. एक म्हातारी यात्रेकरू तर एवढ्याशा पोरीला हात जोडून गेली.

पोर त्या घरात जेवायला लागली. भात, वरण, दही. पुढे केळं, पुढे साबुदाण्याची लापशी. आई शेजारी बसायची, पण तिच्याकडे पाठ करून, देवाच्या कोनाड्याकडे तोंड. म्हणायची, जप करते. पोर वाढली. उंच झाली. मला वाटलं, वयाने सुधारली.

नव्वदच्या पुढची सालं. बायकोला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत ती गेली. पोर तेव्हा एकोणीस वर्षांची होती.

सुतकात कसलं सोवळं? तेरा दिवस चूल पेटली नाही. शेजारपाजारचे डबे यायचे, पिठलं, मसालेभात, पुरी-तरकारी. माणसांची ये-जा. स्टीलची ताटं माळ्यावरून खाली आली. पोर गोधडीत तोंड खुपसून पडून राहिली. सगळे म्हणाले, आईचं दुःख आहे, खाईल हळूहळू. मलाही तसंच वाटलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं, की आईसाठी रडता येत नसलं तरी निदान उपास तरी धरते आहे. ती दिवसाला अर्धी वाटी दूध आणि दोन बत्तासे घेत होती.

तेरावा झाला. माणसं गेली. पोर खाईना.

मग मी माझी विद्या लावली. साखरभात केला, केशर घालून. बासुंदी आटवली. वरणाला तुपाची, हिंगाची, जिऱ्याची अशी फोडणी दिली की समोरच्या घरातली वहिनी खिडकीतून म्हणाली, "कुणाचं लग्न आहे का?" ताट समोर ठेवून मी पोरीला विनवत बसायचो. खा गं, एक घास, आईची शपथ. ती भिंतीकडे सरकायची. मी जवळ सरकलो की आणखी सरकायची. मनगटं काटकीसारखी झाली. उठताना तिला भोवळ आली तेव्हा मी डॉक्टरला घरी आणला. त्याने नाडी पाहिली आणि म्हणाला, "महाराज, दो दिन और देखते हैं. नहीं तो भरती करके नाक से नली डालनी पड़ेगी."

नाकातून. सोळा वर्षांपूर्वी ते नाक मीच दाबलं होतं.

बायकोची धाकटी बहीण ग्वाल्हेरहून आली होती ती राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तांदूळ निवडत होती, मी डाळीला फोडणी देत होतो. मनातली जळजळ कुठेतरी ओकायची होती, म्हणून बोललो, "तुमच्या माहेरचं सोवळं गेलं तिच्याबरोबर. सुटलो एकदाचा."

"कुणाच्या माहेरचं?"

"तुमच्या. ताटं चालत नाहीत, साबण चालत नाही, फोडणी चालत नाही."

तिचा हात थांबला. मग ती हसायलाच लागली. सुतकातून नुकतं बाहेर पडलेलं घर, आणि ही पदर तोंडाला लावून हसतेय. "भावोजी, भांग घेतलीत का सकाळी सकाळी? आमच्याकडे आणि सोवळं! आमचे वडील पारोशाने पोहे हाणायचे. आणि ताई? माझ्या ताटातलं उष्टं पळवायची. फोडणीशिवाय तर तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. झालेल्या वरणावर पुन्हा मिरची-लसणाची फोडणी ओतून घ्यायची आणि आईची बोलणी खायची."

"मग हे खूळ आलं कुठून?"

"मला काय विचारता? नवरा तुम्ही."

कढईतली मोहरी जळून काळी झाली. आतल्या खोलीत पोर खोकायला लागली, गोधडी ओढल्याचा आवाज आला. मी गॅस बंद केला आणि तिथेच जमिनीवर बसलो.

एकेक नेम आठवला आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते बघितलं. पत्तलचा आवाज होत नाही. कुणासाठी? माझ्या अंगाचा तेला-हिंगाचा वास गंगेत धुऊन यायचा, तो कुणासाठी? दह्याचा दोना लांब, जेवताना बोलणं नाही, शिवू नका. प्रत्येक वेळी तीच, गोधडीत तोंड खुपसलेली. देवाला यातलं काहीच नको होतं. मी पोरीच्या तोंडात वांगं कोंबलं त्या दिवसापासून बायकोने घराला सोवळ्यात बसवलं होतं, कारण पोरीसाठी म्हणून मी आणि माझ्या आईने एक गोष्ट ऐकली नसती. देवाच्या नावाने सगळं ऐकलं. आणि जिला फोडणीशिवाय घास उतरत नव्हता ती सोळा वर्षं बिनफोडणीचं जेवली. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. माझ्या कढीचा वास अंगावर घेऊन मी रोज दारात उभा, आणि ती म्हणायची, आधी गंगेवर.

मी उठलो. जळकी कढई अंगणात टाकली, खिडक्या उघडल्या. शिंदे घाटावर गेलो, माती लावून तीनदा बुडी मारली, केस घासले. धुतलेलं धोतर नेसलो. मेहुणीला बायकोचे सगळे नेम सांगितले आणि म्हटलं, "पत्तल घेऊन ये गल्लीच्या तोंडावरून. मऊ, नवीन पानांची." भात पातेल्यात शिजवला, कुकर नाही, पेज राहील इतका मऊ. वरण फडक्यातून गाळलं. मीठ सोडून काही नाही. सगळं निवू दिलं. आचारी म्हणून सांगतो, इतका बेचव स्वयंपाक मी जन्मात केला नव्हता.

पोरीला पाटावर बसवलं. पत्तल मांडली. ती बघेचना. मी म्हणालो, "खा गं बाळा."

"तोंड," मेहुणी दारातून पुटपुटली. "तोंड बंद ठेवा, भावोजी."

मी कोनाड्याकडे तोंड करून बसलो, बायको बसायची तसा. जप करता येईना, म्हणून कोनाड्यातल्या समईच्या वातींच्या खाचा मोजल्या. मागे काही हालचाल नाही. मग पान सरकल्याचा आवाज. न राहवून वळून पाहिलं तर तिने पत्तल अर्धी फिरवून घेतली होती आणि दह्याच्या दोन्याकडे टक लावून बघत होती. दोना कलंडला होता, दह्याचं पाणी भाताच्या दिशेने निघालं होतं. मी घाईने हात पुढे केला.

"शिवू नका, सोवळ्यात आहे!"

आवाज पोरीचा, पण स्वर तिच्या आईचा. तोच चढा, तोच शेवटी तुटणारा. मेहुणीने दाराची चौकट धरली. माझा हात हवेत राहिला. मग मी तो मागे घेतला, मांडीखाली दाबून ठेवला आणि पुन्हा कोनाड्याकडे वळलो.

तिने दोना सरळ केला असावा, दोन बोटं लांब. मला खाण्याचा आवाज आला. भात सगळा खाल्ला. दही अर्धं. वरणाला हात लावला नाही, ते चार दिवसांनी खाल्लं. डॉक्टरला नळी आणावी लागली नाही.

दोन-तीन वर्षांनी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासलं आणि मला ऑटिझम हा शब्द सांगितला. म्हणाल्या, आवाज, वास, स्पर्श अशा मुलांना आपल्यासारखे लागत नाहीत, आपल्याला खमंग वाटतं त्याने तिला धुरात कोंडल्यासारखं होतं. हट्ट नाही, माज नाही. घर तिच्या सोयीचं लावा म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, घर लावलेलंच आहे. मी फक्त मधे चार दिवस विस्कटलं होतं."

एक गोष्ट मात्र मला अजून सलते. तिने मला सांगितलं का नाही? आधी माझ्या आईच्या धाकाने नसेल सांगितलं, पण पुढे आईही गेली. आजारपणाचे पंधरा दिवस होते. एकदा तरी म्हणायचं, अहो, हे सोवळं खोटं आहे, पण मोडू नका. कदाचित ती वाट बघत असेल की मी विचारेन. मी विचारलं ते पोथीचं, पोरीचं नाही.

आता माझ्याच्याने फार काम होत नाही. तरी कुणी बोलावलं तर कढी करून येतो. परतताना कोपऱ्यावर उभं राहून गरम कचौडी खातो, कारण घरी मला ती मिळायची नाही. मग शिंदे घाट. पूस-माघात पाणी असं असतं की पाय घातला की पोटरी धरते. पायरीवर कुडकुडत मी अंगाला माती चोळतो आणि बायकोला शिव्या घालतो, अगदी तोंडावर असल्यासारख्या. बाहेर येऊन पंचा पिळला की वाटतं, झालं. मग तिचंच वाक्य आठवतं. अहो, अजून एक बुडी मारा, हिंगाचा वास येतोय.

मारतो.