करवतीचं दुसरं टोक

आमच्या लाकडाच्या वखारीमागे वस्ती आहे. तिथं विद्यापीठातून एक पोरगी राहायला आली. माणसं कशी नांदतात, पोरं कशी वाढवतात, भांडणं कशी मिटवतात, याचा म्हणे अभ्यास असतो. ऐकून मुकादमाच्या हातातला चहा सांडला.

"भांडणावर पदवी मिळत असती, तर माझ्या आईनं घराण्याला पुरतील एवढ्या आणल्या असत्या!"

पोरगी उठता-बसता 'का?' विचारायची. नावच पडलं, काबाई.

आमच्यात पोरगं पडलं तर कुणी उचलत नाही. ओंडके, फळ्या, भुसा, पडणं रोजचंच. रक्त नाही एवढं बघायचं आणि नजर फिरवायची. पोरगं आपलं आपण उठतं. काबाईला हे ठाऊक होतं. पण मुकादमाचं पोरगं फळ्यांवरून तोंडावर आपटलं आणि ही धावली. उराशी धरून बसली.

मुकादमाची आई बाहेर आली. वस्ती तिला तोफ म्हणते, उगाच नव्हे.

"ठेव खाली! लुळं करतेस का माझ्या नातवाला?"

"आजी, रडत होता हो तो."

"तू घेतल्यावर रडला! आधी नुसता इकडंतिकडं बघत होता. उचल तुझं बाड आणि नीघ."

काबाईचं तोंड उतरलं. आत्ता निघायचं म्हणजे सगळा अभ्यास मातीत.

वस्तीत भांडण झालं की दोघांना मोठ्या करवतीच्या दोन टोकांना उभं करतात. लाकडी घोडीवर आडवा ठेवलेला ओंडका कापायचा. तो पडला की भांडण मिटलं, पुन्हा ब्र काढायचा नाही. मध्येच सोडेल तो हरला. पण हा मान घरच्या माणसांचा. परक्याला नुसतं 'चालू लाग' म्हणायचं.

काबाईनं बाड उचललं नाही. बाह्या सारल्या.

"मी भांडतेय, आजी. मला करवत द्या."

"अगं, हातांची सालं निघतील," मुकादम म्हणाला.

"निघू देत."

तोफ कसली मागं हटते! "ये, बघू तुझा दम."

पहिल्याच झटक्याला काबाईनं करवत पुढं ढकलली. पातं वाकलं, अडकलं. वखार खदाखदा हसली.

"ढकलतेस काय, बये?" तोफ खेकसली. "आपल्या पाळीला ओढायचं, दुसऱ्याच्या पाळीला सैल सोडायचं."

"तुम्ही सोडता का सैल?"

"कधीच नाही!" दारातून सून ओरडली. आता तोफही हसली.

मग करवत चालू लागली. भुसा उडू लागला. काबाईच्या तळहातांना फोड आले, फुटले. म्हातारीला धाप लागली, तशी काबाईनं ओढ कमी केली.

"कीव करतेस माझी? ओढ!"

काबाईनं दात खाऊन ओढली. कर्र करत ओंडका दुभंगला, धाडकन खाली आला. हमालांनी आरोळी ठोकली, बायांनी टाळ्या पिटल्या. काबाई भुशात फतकल मारून बसली आणि मोठ्यानं हसत सुटली.

तोफेनं तिचे हात उलटे करून पाहिले. "सूनबाई, तेल आण." मग कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडं वळली.

"ही इथंच राहणार. कुणाची हरकत असेल, त्यानं ते टोक धरावं. ह्या टोकाला मी आहे."

एवढ्या भरल्या दंडांचे गडी, पण जागचा एकही हलला नाही.