गाठीच्या कांड्या

“शेजारचं मला दिसत न्हाई, सायेब. आपलं काम तेवढं बास हाय.” मान न वळवता एवढंच बोलून चाचा मागावर धोटा फेकत.

नगरच्या एका हातमाग कारखान्यात मी कारकून होतो आणि चाचा तिथले सर्वांत जुने विणकर. बाकीचे विणकर घडीघडी शेजाऱ्याच्या मागावर डोकावत, कोणाची साडी किती हात झाली ते बघत आणि तोंड वाकडं करून परत बसत. चाचांनी मात्र कोपऱ्यातला माग मागून घेतला होता, सगळ्यांकडे पाठ करून.

मी स्वतः त्या डोकावणाऱ्यांपैकीच. माझ्या वर्गातला एक ढ मुलगा कचेरीत अव्वल कारकून झाला होता. ते आठवलं की माझा घास कडू होई. मग मी चाचांपाशी जाऊन बसे. त्या खटखटीत दहा मिनिटांत डोकं निवत असे. तुम्हीही अशा एखाद्या माणसाजवळ बसला असाल. तो उपदेश करत नाही, नुसतं आपलं काम करतो.

माझी चाहूल त्यांना लांबूनच लागे.

“वहाना नव्या घेतल्या जनू?”

“कशावरून, चाचा?”

“लई करकरत्यात की.”

मला त्याचं केवढं कौतुक!

लढाईचे दिवस होते. सूत परवान्यावर मिळे. अशात मालकांनी जाहीर केलं की प्रदर्शनाला एकच साडी जाईल आणि ती विणणाऱ्याला नवा माग मिळेल. चाचांचा माग पार खिळखिळा झाला होता. मी म्हटलं, “या खेपेला तुम्हीच, चाचा.”

“आपुन आपली साडी इनू,” ते म्हणाले.

पण मला कुठला धीर! साडी लाल होती, हिरवा पदर आधीच विणून झाला होता. सुताच्या कांड्या चाची घरून भरून पाठवत. हिरव्या कांड्यांच्या टोकाला त्या एक गाठ मारत. मला तो गबाळेपणा वाटला. चाचा नमाजाला गेले तेव्हा मी उरलेल्या हिरव्या कांड्यांची एकेक गाठ कात्रीने कापून टाकली आणि स्वतःवरच खूष झालो.

साडी सगळ्यांसमोर उलगडली. लालभडक अंगाच्या मधोमध वीतभर हिरवा पट्टा!

“चाचा, ही काय थट्टा मांडली?” मालक ओरडले.

चाचांनी साडीवरून तळवा फिरवला. वीण कुठेच बिघडली नव्हती. “कुटं काय झालं, मालक?” त्यांनी विचारलं. त्यांचा तळवा नेमका त्या हिरव्या पट्ट्यावर होता.

सगळे माग थांबले. इतकी वर्षं ‘शेजारचं दिसत न्हाई’ या ज्या वाक्याने मी शहाणा होत होतो, ते या माणसाने अक्षरशः खरं सांगितलं होतं. त्यांना दिसत नव्हतं. “अंगात हिरवं शिरलंय, चाचा,” कोणीतरी सांगितलं.

“हिरव्याच्या गाठी कुनी कापल्या?” ते हळूच म्हणाले.

“मी, चाचा.”

“तुमी? मग चांगल्यासाठीच कापल्या आसतील.”

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मालकांनी त्याच दिवशी त्यांचा माग काढून घेतला. बिघडलेली साडी तेवढी त्यांच्या अंगावर टाकली. दारापर्यंत मी त्यांच्यामागे गेलो. राहवेना म्हणून विचारलं, “मग तुमचं ते समाधान, चाचा? दिसत नव्हतं म्हणूनच ना?”

“दिसत हुतं तवा लई बघायचो, सायेब. समद्यांचं बघायचो, अन् माजं सूत घडीघडी तुटायचं. आता डोळ्यांम्होरं निस्ता उजेड हाय. सूत तुटत न्हाई.”

चार दिवसांनी टांग्याच्या अड्ड्यावर ती दोघं दिसली. बेलापूरला लेकीकडे निघाली होती. चाची तीच साडी नेसल्या होत्या. टांग्यात बसल्यावर चाचांनी त्यांच्या मांडीवरच्या निऱ्या चाचपल्या.

“हिरवं हितंच हाय न्हवं?”

“जरा म्होरं.” त्यांचं बोट धरून चाचींनी पट्ट्यावर ठेवलं. “हां, हितं. लई शोभतंय, बरं का.”

चाचा लहान मुलासारखे हसले. टांगा हलला.

मी चार पावलांवर उभा होतो, करकरू नयेत म्हणून वहाणा हातात घेऊन.